आत्याचे चरित्र लिहून घेताना: एका जीवनकथा-लेखन सेवेचे परीक्षण

घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी ऐकून त्यांचे छापील पुस्तक करून देणाऱ्या सेवा आता पुण्या-मुंबईत बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी पुण्यातील एका लहानशा संस्थेकडून आम्ही भावंडांनी आमच्या आत्याचे चरित्र लिहून घेतले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिच्या कामात जे दोष आढळले ते याच धाटणीच्या इतर सेवांमध्येही सहज संभवतात, आणि जे चांगले होते तेही कोणाकडे मागता येईल असे आहे. थोडक्यात मत सांगायचे तर मुलाखती आणि छपाई उत्तम, वडिलांकडचा इतिहास समाधानकारक, आत्याच्या आईकडचा इतिहास आम्ही मागे लागलो म्हणून पुस्तकात आलेला, आणि ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे एका चर्चमधल्या उपासकांच्या समुदायाच्या, जीवनाची जाण पहिल्या मसुद्यात जवळजवळ नसलेली.

आत्या राहुरीची. जन्म १९३९ चा. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. ती स्वतः व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, होऊन प्राथमिक शिक्षिका झाली, जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत रुजू झाली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर इतर शिक्षकांबरोबर तिकडे वर्ग झाली. तिने लग्न केले नाही. दोन्ही भावांची मुले, म्हणजे आम्ही, शाळेसाठी तिच्याकडे राहून वाढलो. रविवारची उपासना तिने आजारपण सोडल्यास चुकवलेली नाही, आणि मंडळीतल्या महिला मंडळाची खजिनदार म्हणून तिने इतकी वर्षे हिशेब ठेवला की नवे पाळक (पास्टर) आले की जुन्या व्यवहारांची चौकशी करायला आधी तिच्याकडे येतात. असे आयुष्य बाहेरून पाहणाऱ्याला घटनाशून्य वाटू शकते. म्हणूनच ते लिहिणाऱ्याची कसोटी लागते, आणि म्हणूनच या सेवेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

संस्थेची पद्धत अशी आहे. प्रथम कुटुंबाने एक लांबलचक प्रश्नावली भरून द्यायची. मग लेखिका घरी येऊन मुलाखती ध्वनिमुद्रित करते, जुनी छायाचित्रे व कागद स्कॅन करून नेते, मसुदा पाठवते, कुटुंब दुरुस्त्या सुचवते आणि शेवटी पुस्तक छापून येते. पंचवीस प्रतींसह ६५,००० रुपये ठरले होते आणि तेवढेच घेतले. प्रवासखर्च वेगळा लावला नाही, हे नमूद केले पाहिजे.

मुलाखतींबद्दल तक्रारीला जागा नाही. आमच्याकडे आलेली लेखिका तरुण होती, पण ऐकून घेण्याची तिची हातोटी पाहून मला आश्चर्य वाटले. आत्याला मध्येच तोडायचे नाही, ती एखाद्या नावावर अडली तर घाईने नाव पुरवायचे नाही, आणि दुपारी ती दमली की यंत्र बंद करून सरळ भाजी निवडायला बसायचे, हे सगळे तिने न सांगता केले. भाजी निवडतानाच आत्याने कापणीनंतरच्या आभाराच्या उपासनेची हकीकत सांगितली. लोक बाजरीची कणसे, शेवग्याच्या शेंगा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असे जे असेल ते घेऊन येत आणि उपासना संपल्यावर आवारात त्याचा लिलाव होई. एका वर्षी एकच भोपळा चार वेळा विकला गेला, कारण जो घेई तो पुन्हा मंडळीलाच देऊन टाकी. खजिनदार म्हणून आत्यापुढे प्रश्न होता की वहीत भोपळे एक लिहायचे की चार. तिने चार ओळी घातल्या आणि शेवटी कंसात लिहिले, ‘वस्तू एकच’. लेखिकेने ती वही मागून घेतली आणि ते पान पुस्तकात छापले. मंडळी कशी चालते हे दाखवायला त्या पानाइतके बोलके दुसरे काही सापडले नसते.

धर्माबद्दल विचारताना मात्र हीच लेखिका गडबडली. प्रत्येक बैठकीत फिरून प्रश्न यायचा तो धर्मांतराचा: तुम्हाला धर्म बदलावासा का वाटला, घरच्यांचा विरोध झाला का, जुने सण आठवतात का. आत्याने पहिल्यांदा शांतपणे उत्तर दिले, दुसऱ्यांदा हसून टाळले आणि मग म्हणाली, “पोरी, मी कुठं काय बदललं? माझा बाप ख्रिस्ती, त्याचा बाप ख्रिस्ती. मला विचारतेस तसं तुझ्या आजीला विचारतेस का, की तुम्ही हिंदू कशा झालात?” लेखिका ओशाळली आणि तो प्रश्न पुन्हा आला नाही, पण मसुद्यातले प्रकरण मात्र त्याच अंगाने लिहून आले होते.

त्या मसुद्यात आत्या दर रविवारी मेरीमातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावत होती आणि फादरांकडे पापनिवेदन करत होती. नगर जिल्ह्यातल्या ज्या मंडळीत ती वाढली ती अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनच्या कामातून उभी राहिलेली, काँग्रिगेशनल परंपरेतली, म्हणजे आपला कारभार स्वतः पाहणारी. तिथे मूर्ती नाही, फादर नाहीत, पापनिवेदनाची खोलीही नाही. पाळक असतात, आणि तेही बायकामुलांसह मंडळीच्या आवारातच राहणारे. वसईच्या कॅथलिक घरात जे खरे ते राहुरीच्या प्रोटेस्टंट घरात खरे असेलच असे नाही, हा फरक महाराष्ट्रातल्या लेखकाला ठाऊक असावा अशी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. पुढे एका ठिकाणी आत्याचा बाप्तिस्मा १९३९ साली ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये झाल्याचे लिहिले होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. त्याआधी या मंडळ्या १९२४ साली स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये होत्या. आत्याला त्या बदलाबद्दल विचारले तर तिचे उत्तर एका ओळीचे होते: पाटी बदलली, बाक तेच राहिले. ही ओळ ध्वनिमुद्रणात होती, मसुद्यात नव्हती.

पार्श्वभूमीच्या माहितीचाही अतिरेक झाला होता. मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचले, एवढे वाचकाला सांगणे रास्त आहे. १८४२ साली नगरमध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचा उल्लेखही योग्य, कारण आत्याच्या घरी ते वर्षानुवर्षे येत असे आणि तिच्या वडिलांच्या निधनाची बातमी असलेले त्याचे कात्रण तिने जपून ठेवले आहे. नारायण वामन टिळक काही वर्षे राहुरीत राहिले होते, आणि त्यांची गीते आत्याला क्रमांकांसकट पाठ आहेत, म्हणून तेही समजू शकते. परंतु १८२७ साली मुंबईत आलेल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार, आणि त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले, यांच्यावर पानेच्या पाने कशासाठी? फरारबाई १८६२ साली नगरमध्ये वारल्या. आत्याची आईकडची आजी तिथे आली ती १९०० च्या सुमारास. ‘याच परंपरेत’ असे दोन शब्द लिहून चाळीस वर्षांचे अंतर बुजत नाही. ती पाने आम्ही काढायला लावली आणि पुस्तक सुटसुटीत झाले.

आता या आजीविषयी, कारण माझ्या मते या सेवेचे खरे मूल्यमापन तिथेच होते.

वडिलांकडचा इतिहास संस्थेने मेहनतीने जमवला. मंडळीच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या पाळकांची लेखी परवानगी घेऊन पाहिल्या, आत्याच्या सेवापुस्तकाची पाने स्कॅन केली, वडिलांच्या शाळेचे दाखले शोधले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतरच्या दशकात आत्याचे पणजोबा आपल्या गावच्या महारवाड्यातल्या आणखी काही घरांबरोबर ख्रिस्ती झाले, इथपर्यंत त्यांना सलग पोहोचता आले. या टप्प्यावर संस्थेने एक गोष्ट फार चांगली केली. जातीचा उल्लेख पुस्तकात करायचा की नाही, हे त्यांनी आम्हा भाच्यांना न विचारता थेट आत्याला विचारले. आमच्यात कुजबुज होती, हे कबूल केले पाहिजे. कोणाच्या मुलाचे लग्न ठरत होते, कोणाला विषयच नको होता. आत्या म्हणाली, “लिही. माझ्या पणज्याला पाणवठ्यावर भांडं बुडवू देत नव्हते. ते वगळलं तर मग शाळा कशाला, मिशन कशाला, कशाचाच अर्थ लागायचा नाही.” त्यानंतर १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाचा परिच्छेदही आला. त्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आमच्या घरात दोन भावांच्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात दोन वेगवेगळ्या नोंदी का आहेत, याचे कोडे लहानपणापासून होते. ते या परिच्छेदाने उलगडले. हे काम कोणत्याही चांगल्या संशोधकाने अभिमानाने मिरवावे असे आहे.

आईकडे वळल्यावर मात्र सारे थांबले. आत्याच्या आईवडिलांचे लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदले गेले. त्या नमुन्यात वय, अविवाहित की विधुर की विधवा, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावे यांसाठी रकाने आहेत. आईच्या नावाला रकानाच नाही. त्यामुळे नोंदवहीवर भिस्त ठेवून शोध घेणारा माणूस पुरुषांच्या नावांवरून मागे मागे जात राहतो आणि बायका एकेका पिढीनंतर गळत जातात. पहिल्या मसुद्यातला वंशवृक्ष नेमका तसा होता. वर पणजोबा, खाली मुलगे, त्यांचे मुलगे, आणि कोपऱ्यात आत्याचे नाव, ज्याच्याखाली रेघ नाही. जिच्या चरित्रासाठी पैसे मोजले तीच त्या झाडावर एक वाळकी काडी होऊन बसली होती.

आत्याच्या आईची आई १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ होऊन नगरच्या मिशनमध्ये आली. त्या दुष्काळात मिशनने शेकडो मुलांना आसरा दिला होता. तिचे आधीचे नाव, गाव, आईबाप यांपैकी काहीच उरलेले नाही. लेखिकेने ही रिकामी जागा कल्पनेने भरली. मसुद्यात भेगाळलेली जमीन होती, आभाळाकडे डोळे लावलेली आई होती, मुलीचा हात सोडताना तिने उच्चारलेले वाक्यही होते. वाचायला ते वाईट नव्हते. पण त्यातले एक अक्षरही कोणी सांगितलेले नव्हते, आणि आत्याने ते ऐकल्यावर चष्मा काढून विचारले, “हे हिला कोणी सांगितलं?”

आत्याला आजीबद्दल खरोखर जे माहीत होते ते फार थोडे आहे. आजी इतर मुलांबरोबर बैलगाडीतून आली. ताटात भाकरीचा तुकडा राहिलेला तिला खपत नसे. आणि तिच्या उजव्या मनगटावर गोंदण होते: तुळशीवृंदावन आणि त्याच्या दोन बाजूंना ठिपके. मिशनमध्ये येण्याआधी कोणीतरी, बहुधा तिच्या आईने, ते गोंदवून घेतले होते. प्रभुभोजनाच्या (उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी भाकरीचा तुकडा घ्यायला हात पुढे केला की ते गोंदण पदराबाहेर यायचे आणि शेजारी बसलेली लहानगी आत्या त्याचे ठिपके मोजायची. एकदा एका बाईने ते झाकून घ्यायला सुचवले तेव्हा आजी म्हणाली होती की माझ्या आईची एवढीच वस्तू माझ्याकडे आहे. मसुद्यात या सगळ्याला अर्धे वाक्य मिळाले होते, आणि न घडलेल्या निरोपाला दीड पान. आमच्या हरकतीनंतर ते दीड पान गेले आणि गोंदणाचा मजकूर आत्याच्या शब्दांत, जसाच्या तसा आला. लेखिकेने वाद घातला नाही. उलट पुढच्या प्रकरणांत जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून आणि जे कागदावर आहे ते कागदाचा उल्लेख करून लिहिले. ही शिस्त पहिल्यापासून असती तर बरे झाले असते.

तीच गोष्ट आत्याच्या आईच्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची. संस्थेने त्या जीर्ण प्रतीचे मुखपृष्ठ मोठ्या कौतुकाने, तिरप्या उजेडात छायाचित्रित केले, परंतु आतले कोरे पान उलटून पाहिले नाही. त्या पानावर आत्याच्या आईने शिसपेन्सिलीने आपल्या सगळ्या मुलांच्या नोंदी ठेवल्या आहेत: नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचे आडनाव. आत्याच्या आधीच्या ओळीत नाव नाही. तिथे फक्त ‘मुलगी. नऊ दिवस.’ असे आहे आणि बाप्तिस्म्याच्या जागी आडवी रेघ. मंडळीच्या नोंदवहीत ही मुलगी असण्याचे कारण नव्हते, आणि आत्यालाही ती थोरली बहीण जेमतेम ऐकून माहीत होती. ते पान आम्ही स्वतः स्कॅन करून पाठवले. अंतिम पुस्तकात त्याला संपूर्ण पान मिळाले आहे आणि त्याच्या आधारे दुसरा वंशवृक्षही काढला आहे, जो अनाथ आलेल्या आजीपासून सुरू होऊन तिची मुलगी आणि मग आत्या असा उतरतो. आत्याच्या नावाखाली तिने वाढवलेल्या आम्हा सर्वांची नावे तुटक रेघेने जोडली आहेत. तुटक रेघेची कल्पना लेखिकेची, आणि ती मला मनापासून आवडली.

भाषेविषयी थोडेसे. आत्याचे बोलणे ठेवले आहे ते उत्तम, लेखिकेचे निवेदन मात्र मधूनमधून अभिनंदनपर भाषणाच्या वळणावर जाते. ‘त्यागमूर्ती’, ‘सेवाव्रती’ असे शब्द आम्ही शक्य तितके काढले, तरी काही उरलेच. लग्न न करण्याबद्दलचे प्रकरण मसुद्यात ‘भावांसाठी केलेला त्याग’ या मथळ्याखाली होते. आत्याने स्वतः तो मथळा खोडला आणि सांगितले की स्थळे आली होती, तिला ती पसंत पडली नाहीत, आणि पगार हातात असल्यामुळे नाही म्हणता आले. अंतिम मजकुरात हे तिच्याच तोंडून आले आहे, आणि पुस्तकातले सर्वांत टवटवीत प्रकरण तेच झाले आहे.

छपाईबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण सगळे नीट आहे. बांधणी शिलाईची आहे, पाने सुटत नाहीत, छायाचित्रे स्वच्छ उमटली आहेत. आत्यासाठी म्हणून दोन प्रती मोठ्या टाइपात द्याल का असे विचारले, तर जास्तीचे पैसे न घेता दिल्या. मात्र छायाचित्रांखालच्या ओळी फार बारीक टाइपात आहेत, आणि १९७० च्या दशकातल्या महिला मंडळाच्या फोटोत दुसऱ्या रांगेतली नावे डावी-उजवी उलट छापली गेली. ती चूक आमच्याही नजरेतून सुटली, परंतु मुद्रितशोधनाचे पैसे संस्थेने घेतले होते.

करारात दोन गोष्टी नव्हत्या, त्या कोणत्याही अशा सेवेकडून आधी लिहून घ्याव्यात. पहिली म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणे कोणाची. आम्हाला ती मागितल्यावर मिळाली, तीही काही आठवडे तगादा लावल्यानंतर, आणि लेखिकेने मुलाखतीतले जेवढे वापरले त्याच्या कितीतरी पट मजकूर त्यांत आहे. आत्याने चालीवर म्हटलेली गीते पुस्तकात येऊ शकत नव्हती, ती तिथेच आहेत. दुसरी म्हणजे मसुद्याच्या दुरुस्तीच्या किती फेऱ्या मिळणार. करारात एकच फेरी गृहीत होती. ज्या प्रमाणात चुका होत्या त्या प्रमाणात ती अपुरी होती, आणि दुसऱ्या फेरीसाठी आम्हाला आग्रह धरावा लागला. ख्रिस्ती कुटुंबाने आणखी एक करावे: मुलाखती सुरू होण्यापूर्वी लेखकाला एका रविवारच्या उपासनेला घेऊन जावे आणि नंतर पाळकांशी तासभर बसवावे. आमच्या लेखिकेला आम्ही मसुद्यानंतर नेले. आधी नेले असते तर मेणबत्त्या आणि पापनिवेदन कागदावर उतरलेच नसते.

जास्तीच्या प्रती ४५० रुपयांना एक या दराने, किमान दहा घेतल्यास मिळतात. नावांची चूक दुरुस्त करून दुसरी छपाई करण्याचे संस्थेने मान्य केले आहे, आणि त्या खेपेच्या प्रतींसाठी मंडळीतल्या बायकांनी आत्याकडे आगाऊ पैसे जमा करायला सुरुवातही केली आहे. त्याचा हिशेब अर्थातच तिच्याच वहीत चालू आहे.